व्हॅनचा टायरदाबाचा दिवा विझतो आणि पुन्हा लागतो: हवा कमी, सेन्सर मेलाय की गाडीवर रिकॉल आहे?

हवा भरली, दिवा विझला, चार दिवसांनी पुन्हा लागला. चाकातला दाब मोजणारा एक सेन्सर बदलला, महिनाभर शांत, मग डॅशबोर्डवर तोच पिवळा, घोड्याच्या नालेच्या आकाराचा दिवा, मधे उद्गारचिन्ह. ही तक्रार मोटारीपेक्षा व्हॅनमध्ये जास्त चिवट असते. व्हॅनच्या टायरमध्ये दाब मोटारीच्या जवळपास दुप्पट असतो, पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळा दाब लागतो, आणि ओझं रोज बदलतं. त्यात उत्पादकाने त्या मॉडेलवर रिकॉल काढला असेल, म्हणजे दोष असलेल्या गाड्या मोफत दुरुस्तीसाठी परत बोलावल्या असतील, तर कितीही सेन्सर बदला, मूळ दोष जागच्या जागी राहतो. खालचा क्रम असा आहे की बिनखर्चाची कामं आधी येतात आणि टायर रिमवरून उतरवायची वेळ आलीच तर शेवटी येते.

दिवा कसा लागतो ते आधी बघा

किल्ली फिरवल्यावर हा दिवा दोन-तीन सेकंद लागून विझायला हवा. ही दिव्याची स्वतःची चाचणी. त्या वेळी तो लागतच नसेल, तर बल्ब, मीटर किंवा मॉड्यूल (या यंत्रणेचा छोटा संगणक) यांपैकी काहीतरी बंद आहे, किंवा आधीच्या मालकाने कटकट नको म्हणून यंत्रणाच बंद करून ठेवली आहे. अशी गाडी सतत दिवा लागणाऱ्या गाडीपेक्षा धोक्याची, कारण ती काही सांगणारच नाही.

दिवा सुरुवातीला 60 ते 90 सेकंद लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर बिघाड यंत्रणेत आहे: सेन्सर गप्प आहे, रिसीव्हरला सिग्नल मिळत नाही, किंवा सेन्सरचा ओळख क्रमांक मॉड्यूलला माहीत नाही. दिवा न लुकलुकता थेट स्थिर लागला, तर यंत्रणेच्या मते निदान एका चाकात हवा कमी आहे. हा फरक अमेरिकेच्या संघीय मोटार वाहन सुरक्षा मानक क्रमांक 138 मध्येच घालून दिलाय. काही गाड्यांत बिघाडासाठी वेगळा संदेश किंवा वेगळा दिवा असतो, तेव्हा मॅन्युअलमधलं ते पान एकदा वाचून ठेवा.

बिघाड ओळखायला यंत्रणेला 20 मिनिटांपर्यंत गाडी चालावी लागते. म्हणून गॅरेजमधून निघताना दिवा विझलेला दिसला यावर विश्वास ठेवू नका. अर्धा तास चालवा, गाडी बंद करा, पुन्हा सुरू करा आणि मग बघा. दिवा लागेल त्या प्रत्येक वेळी तारीख, बाहेरचं तापमान, टायर थंड होते की गरम, आणि गाडीत माल किती होता हे लिहून ठेवा. चार नोंदी झाल्या की निम्मं निदान तिथेच होतं.

गेज लावल्याशिवाय पुढे जाऊ नका

गाडी किमान 3 तास उभी असताना, उन्हात न तापलेल्या टायरवर दाब मोजा. मोटारीसाठीचं छोटं पेनसारखं गेज अनेकदा 50 पीएसआयलाच (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचं माप) संपतं, ते इथे कामाचं नाही. 100 पीएसआयपर्यंत मोजणारं गेज घ्या. दाब किती हवा ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतं. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा त्या टायरचा कमाल दाब असतो, गाडीचा नव्हे.

दिवा सकाळी लागून दुपारी आपोआप विझत असेल, तर त्यामागे भौतिकशास्त्र आहे आणि ते व्हॅनला जास्त छळतं. दाब निरपेक्ष (केल्विनमधल्या) तापमानाच्या प्रमाणात बदलतो. 30 अंश सेल्सिअसला 35 पीएसआय भरलेला मोटारीचा टायर 10 अंशाला साधारण 3.3 पीएसआय गमावतो. त्याच थंडीत 65 पीएसआयचा व्हॅनचा टायर 5.3 पीएसआय गमावतो. हवा गळाली नाही, खिळा लागला नाही, तरी काटा 60 च्या खाली येतो.

आता लांबच्या फेरीनंतर टायर 55 अंशांपर्यंत तापलेला असताना कुणी पंपावर बरोबर 65 पीएसआय ठेवला असं धरा. उणे 5 अंशांच्या सकाळी तोच टायर जेमतेम 50 पीएसआय दाखवेल. मानक 138 नुसार स्टिकरवरच्या दाबापेक्षा 25 टक्के कमी झालं की दिवा लागायला हवा, म्हणजे 65 साठी मर्यादा पावणेएकोणपन्नास. चांगल्या टायरमधूनही महिन्याला एखाद-दोन पीएसआय झिरपतात. तेवढं झिरपलं की दिवा लागलाच. इथे सेन्सरने चोख काम केलंय, चूक गरम टायरमध्ये थंडीचा आकडा ठेवणाऱ्याची. थंड टायरवर भरा, आणि गरम टायर जास्त दाखवतोय म्हणून हवा सोडू नका.

एकच चाक आठवड्याला दोन-तीन पीएसआयने उतरत असेल तर ती गळती. टायरच्या नक्षीपासून सुरुवात करू नका, व्हॉल्व्हपासून करा. साबणाचं दाट पाणी ब्रशने व्हॉल्व्हच्या तोंडाशी, मग बुडाशी, मग रिमच्या कडेला लावा आणि प्रत्येक जागी पूर्ण एक मिनिट थांबा. मोठी गळती बुडबुडे फुगवते, ती लगेच दिसते. बारीक गळती बुडबुडा करत नाही. व्हॉल्व्हच्या नटाच्या एका बाजूला पांढुरकी, दुधावरच्या सायीसारखी फेसाची किनार हळूहळू जाड होत जाते, एवढंच. नेमकी तीच घाईत सुटते आणि महिनाभर छळते.

मग रिकॉल तपासा, सेन्सर विकत घ्यायच्या आधी

केवळ एका दिव्यासाठी रिकॉल कसा निघतो, असं अनेकांना वाटतं. ऑगस्ट 2000 मध्ये फायरस्टोनने सुमारे 65 लाख टायर परत मागवले, तेव्हा टायरचा पट्टा, म्हणजे रस्त्याला टेकणारा थर, सुटून गाड्या उलटण्याच्या अपघातांची अमेरिकाभर चर्चा झाली. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला तिथे टायरच्या सुरक्षेसाठीचा 'ट्रेड' (TREAD) कायदा झाला आणि टायरमध्ये हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा बसवण्याची वाट त्यातून निघाली. मानक 138 त्या कायद्याचंच फळ. 10,000 पौंड, म्हणजे 4,536 किलोपर्यंतच्या एकूण वजनाच्या गाड्यांना ते लागू आहे. ज्यांच्या एखाद्या आसावर जोडचाकं आहेत त्या गाड्या त्यातून वगळल्या आहेत. त्यामुळे दिवा उशिरा लागणं, चुकीच्या दाबाला लागणं किंवा बिघाड असताना न लुकलुकणं हा थेट कायद्याचा भंग ठरतो आणि उत्पादकाला गाड्या परत बोलवाव्या लागतात. डिसेंबर 2024 मध्ये टेस्लाने जवळपास 6 लाख 94 हजार गाड्यांवर रिकॉल काढला, तो एवढ्याचसाठी की गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर हा दिवा लागलेला राहीलच याची खात्री नव्हती. टायर शाबूत, सेन्सर शाबूत, दोष सॉफ्टवेअरच्या स्मरणात.

व्हॅनमध्ये ही गोष्ट जास्त मनावर घ्यायला हवी. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या पाहणीत 15 आसनी व्हॅनपैकी 74 टक्के गाड्यांच्या टायरमधला दाब लक्षणीय चुकलेला आढळला होता. मोटारींमध्ये हे प्रमाण 39 टक्के होतं. दहा किंवा जास्त माणसं बसली की एकाच गाडीच्या अपघातात अशी व्हॅन उलटण्याचं प्रमाण कमी माणसं असतानाच्या जवळजवळ तिप्पट होतं, हेही त्याच संस्थेने सांगितलंय. भरलेली गाडी, मऊ मागचा टायर आणि न लागलेला दिवा यांची गाठ पडू नये यासाठीच हे रिकॉल असतात.

तपासायला गाडीचा 17 अक्षरी व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, लागतो. तो समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, ड्रायव्हरच्या बाजूला असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, तेव्हा गोल दिसणारं चिन्ह शून्यच समजा. एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर तो टाकला की दुरुस्ती बाकी असलेले रिकॉल दिसतात. निकाल वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. दुरुस्ती होऊन गेलेला रिकॉल तिथे दिसत नाही. अगदी नुकत्याच जाहीर झालेल्या रिकॉलमध्ये सगळे व्हीआयएन चढायला वेळ लागतो, म्हणून महिन्याने पुन्हा बघा. आणि पत्र नोंदणीच्या पत्त्यावर जातं, म्हणून जुनी व्हॅन घेतलेल्याला ते बहुतेक वेळा मिळतच नाही.

कॅम्पर, शाळेची किंवा रुग्णवाहिकेची बांधणी केलेली व्हॅन असेल तर मूळ उत्पादकाबरोबर बांधणी करणाऱ्या कंपनीच्या नावानेही शोधा. त्यांनी टायर बदलले असतील, दुसरं स्टिकर लावलं असेल, आणि मॉड्यूलमधली मर्यादा मात्र कारखान्यातली जुनीच राहिली असेल. दोन आकड्यांमधली ही फारकत सगळे सेन्सर बदलूनही जात नाही, ती प्रोग्रॅमिंगनेच जाते.

रिकॉलची दुरुस्ती अधिकृत डीलरकडे मोफत होते. आधीच स्वतःच्या खर्चाने तोच दोष दुरुस्त केला असेल तर बिल सांभाळा, ठरलेल्या मुदतीतल्या कामाची भरपाई मागता येते. डीलरने 'सर्व्हिस बुलेटिन' हा शब्द वापरला तर ते रिकॉल आहे का हे स्पष्ट विचारा. बुलेटिन म्हणजे मेकॅनिकसाठीची सूचना, वॉरंटी संपली असेल तर त्याचे पैसे तुमच्याकडून घेतले जातात.

चाकं पुढची मागे केली आणि शिकवणी राहिली

रिकॉल नसेल तर व्हॅनमध्ये वारंवार येणाऱ्या दिव्याचं हे माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित कारण. स्टिकरवर पुढे 50 आणि मागे 70 पीएसआय आहे असं समजा. मर्यादा झाल्या पुढे साडेसदतीस, मागे साडेबावन्न. टायर सारखे झिजावेत म्हणून चाकं मागे-पुढे केली, मेकॅनिकने हवाही नव्या जागेप्रमाणे बरोबर ठेवली, पण कोणता सेन्सर कुठे गेला हे मॉड्यूलला सांगितलं नाही. आता पुढच्या चाकातला 50 पीएसआय मॉड्यूल मागच्या चाकाचा समजतं आणि गेटबाहेर पडायच्या आत दिवा लावतं.

इथपर्यंत नुसता त्रास आहे. धोका पुढे सुरू होतो. दिवा घालवायला कुणीतरी पुढच्या चाकांत 55-60 पर्यंत हवा ठासतं आणि दिवा विझतो. मागची चाकं मात्र मॉड्यूलच्या हिशेबी अजून 'पुढची' आहेत. म्हणजे 70 पीएसआय लागणारा, सगळं ओझं पेलणारा मागचा टायर 38 पर्यंत उतरला तरी डॅशबोर्ड गप्प राहील. कमी हवेत टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला दुमडतात, आतून तापतात आणि पट्टा सुटतो. दिवा घालवण्यासाठी स्टिकर सोडून हवा भरणं कधीही करू नका.

उपाय म्हणजे पुन्हा शिकवणी, गॅरेजच्या भाषेत रीलर्न. काही गाड्या थोडं अंतर चालवल्यावर स्वतः शिकतात, काहींना ओबीडी पोर्टमधून (गाडीच्या संगणकाला तपासणीचं यंत्र जोडायची जागा) क्रमांक भरावे लागतात, काहींत गाडी शिकवणीच्या मोडमध्ये टाकून ट्रिगर टूल (सेन्सर जागा करून त्याचे आकडे वाचणारं यंत्र) एकेका चाकाच्या व्हॉल्व्हजवळ धरावं लागतं. क्रम बहुधा पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं, मागचं डावं असा असतो, तरी मॅन्युअलमध्ये बघूनच करा. टूल चालवताना दुसऱ्या व्हॅनची चाकं शेजारी रचलेली नकोत, नाहीतर त्यांचा सेन्सर तुमच्या गाडीत नोंदला जातो.

खात्री करायची सोपी रीत: मागच्या डाव्या चाकातून 5 पीएसआय सोडा, टूलने तो सेन्सर जागा करा आणि स्क्रीनवर कोणता आकडा हलतो ते बघा. मागच्या डाव्याचाच हलायला हवा. चारही चाकांना हे करा, हवा परत भरा. वीस मिनिटांचं काम आहे आणि त्याशिवाय शिकवणी झाली असं मानू नये.

पंक्चर झालेलं चाक काढून तसंच मालाच्या जागेत टाकलं असेल तर स्टेपनी लावूनही दिवा जात नाही. मेलेल्या टायरमधला सेन्सर जिवंतच असतो, गाडीतूनच आपला कमी दाब कळवत राहतो. स्टेपनीत सेन्सर नसेल तर काही वेळाने दिवा लुकलुकणारही. हा बिघाड नव्हे.

सेन्सर खरंच गेलाय का

सेन्सरमधली लिथियमची बटण बॅटरी आत बंदिस्त असते, ती बदलता येत नाही. पाच ते दहा वर्षं चालते. मरणारी बॅटरी एकदम मरत नाही. आधी फक्त कडक थंडीच्या सकाळी दिवा लुकलुकतो, टायर तापले की सगळं ठीक, आणि काही आठवड्यांनी कायमचा बिघाड. टूलवर प्रत्येक सेन्सरचा क्रमांक, दाब, तापमान आणि बऱ्याचदा बॅटरीची स्थिती दिसते. दाबाचा आकडा गेजशी दोन-तीन पीएसआयच्या आत जुळायला हवा. आकडा दिवसेंदिवस एकाच जागी गोठला असेल आणि त्या टायरमध्ये कधीतरी पंक्चरचं द्रव सीलंट ओतलं असेल, तर सेन्सरचं बारीक भोक बुजलंय. तो सेन्सर बदलाच.

चारही सेन्सर कारखान्यातून आलेले असतील आणि एक वयाने गेला असेल, तर नवे टायर घालताना चारही बदलून टाका. एकेक करत गेलात तर प्रत्येक वेळी टायर उतरवायची मजुरी आणि बॅलन्सिंग नव्याने द्यावं लागतं.

नवा सेन्सर घेताना दोन चुका वारंवार होतात. पहिली वारंवारतेची. अमेरिकेतल्या अनेक गाड्या 315 मेगाहर्ट्झवर, तर अनेक 433 वर चालतात. एकीचा सेन्सर दुसरीत दिसायला तंतोतंत बसतो, पण रिसीव्हरला ऐकू येत नाही. दुसरी चूक खास व्हॅनची: दाबाची मर्यादा. मोटारीसाठी बनलेल्या काही सेन्सरची मोजण्याची कमाल सीमा 450 किलोपास्कल निरपेक्ष दाबापर्यंत (वातावरणाचा दाब धरून) असते, म्हणजे गेजवर साधारण 50 पीएसआय. 70 पीएसआयच्या मागच्या चाकात असा सेन्सर काय सांगणार? पुढे चोख चालतो, मागे बिघाड दाखवतो, आणि मेकॅनिक रिसीव्हरवर संशय घेत बसतो. पाकिटावरची कमाल मर्यादा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

व्हॉल्व्हचंही तेच. टीआर 413 हा साधा रबरी व्हॉल्व्ह थंड टायरला 65 पीएसआयपर्यंतच चालतो. त्यावरच्या दाबाला जास्त दाबाचा रबरी किंवा नटाने आवळायचा धातूचा व्हॉल्व्ह लागतो.

बसवताना

टायर उतरला की सर्व्हिस किटमधली (व्हॉल्व्हच्या सुट्या भागांचं पाकीट) रबरी सील, वॉशर, नट, आतली हवा अडवणारी पिन आणि टोपी नवी घाला. सील एकदा दबली की पुन्हा तशीच बसत नाही. नट बहुधा 4 ते 8 न्यूटन-मीटरला आवळतात, नेमका आकडा त्या सेन्सरच्या कागदावर असतो. टॉर्क पान्याशिवाय अंदाजाने आवळलं तर सील चिरडते किंवा व्हॉल्व्हचा दांडा आतून तडकतो आणि महिन्यांनी, भर वेगात तुटतो. नटाशी फेस दिसला तर नट आणखी आवळू नका. हवा सोडा, किट बदला.

पिन निकेलचा मुलामा दिलेलीच हवी. अॅल्युमिनियमच्या दांड्यात साधी पितळी पिन घातली की रस्त्यावरच्या मिठाच्या ओलीत दोन धातू एकमेकांना खातात, पिन आत चिकटते आणि पुढच्या वेळी पिनेबरोबर दांडाही मोडून हातात येतो. धातूची शोभेची टोपीही अशीच चिकटते, प्लास्टिकची लावा. मशीनवर बीड, म्हणजे रिमवर बसणारी टायरची कड, सोडवताना फाळ व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूला लावायला सांगा. कितीतरी 'खराब निघालेले' नवे सेन्सर तिथेच फुटलेले असतात.

चारही सेन्सर टूलवर ठणठणीत आणि तरी चालताना एक-दोन चाकं गायब होत असतील, तर सिग्नल दबतोय. डॅशकॅमचा चार्जर, स्वस्त एलईडी दिवे, मागे बसवलेला इन्व्हर्टर, सगळं सॉकेटमधून काढा आणि अर्धा तास चालवा. बरं झालं तर एकेक परत लावत जा. लोखंडी जाळी किंवा रॅक बसवल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर रिसीव्हर कुठे आहे आणि त्याच्यासमोर काय आलं ते बघा.

काही व्हॅनमध्ये चाकात सेन्सर नसतोच. एबीएसचे (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) वेगमापक चाकांच्या फिरण्यातला फरक बघून अंदाज बांधतात. तिथे हवा बरोबर भरून मेनूमधून कॅलिब्रेशन करायचं, म्हणजे हाच दाब योग्य असं यंत्रणेला सांगायचं. कमी हवेवर कॅलिब्रेशन केलं तर यंत्रणा तोच दाब योग्य मानून बसते.

रिकॉलची दुरुस्ती होऊनही दिवा परत आला तर

डीलरच्या कागदावर रिकॉलचा क्रमांक, मॉड्यूलमध्ये टाकलेली सॉफ्टवेअर आवृत्ती आणि शिकवणी केल्याची नोंद आहे का ते बघा. मॉड्यूल नव्याने प्रोग्रॅम केल्यावर जुने सेन्सर क्रमांक पुसले गेले आणि परत भरलेच नाहीत, असं होऊ शकतं. मॉड्यूलमध्ये पुढे-मागे कोणता दाब नोंदलाय तो आकडा छापून मागा आणि दारावरच्या स्टिकरशी ताडून बघा. वर दिलेली 5 पीएसआयची चाचणी डीलरसमोरच करा.

तरी जमलं नाही तर एनएचटीएसएकडे तक्रार नोंदवा आणि तिच्यात एवढं द्या: व्हीआयएन, दुरुस्तीची तारीख, दिवा लुकलुकला की थेट लागला, त्या क्षणी गेजने दाखवलेले चारही चाकांचे आकडे, बाहेरचं तापमान, आणि दिवा लागलेला असतानाचा डॅशबोर्डचा फोटो, ज्यात किलोमीटर किंवा मैलांचा आकडा वाचता येईल.